आठवड्याने येणारं पाणी: दाट वस्तीत गटार आणि पिण्याचं पाणी वेगळं ठेवण्याचा क्रम

खान्देशात पाण्याची गोष्ट निघाली की बोलणं धरणापाशी जातं. वाघूर किती भरलं, गिरणेचं आवर्तन कधी सुटणार, नकाण्यात किती महिने पुरेल एवढं आहे. ते बोलणं गरजेचंच आहे. पण धरणातून निघालेलं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून चांगलं होऊन निघतं आणि शेवटच्या वीस-तीस फुटांत, आपल्याच गल्लीत, आपल्याच नळजोडणीत बिघडतं. कावीळ आणि जुलाबाची साथ बहुधा याच वीस फुटांतून येते.

ही माहिती लिहायचं कारण एकच. लोक कष्ट करतात, पण क्रम चुकवतात. आधी टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकतात, मग कधीतरी टाकी धुतात, आणि गटारातून गेलेल्या पाइपाकडे शेवटपर्यंत बघत नाहीत. खरा क्रम याच्या उलट आहे. आधी घाण आत येण्याची वाट बंद करायची, मग भांडं साफ करायचं, आणि औषध सगळ्यांत शेवटी.

तयारी: नळाच्या आदल्या दिवशी

कधी चार दिवसांनी, कधी आठ, उन्हाळ्यात काही ठिकाणी त्याहून उशिरा नळ येतो. म्हणून आधी हिशेब करा. पिणं आणि स्वयंपाक यासाठी माणशी रोज ७ लिटर धरा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा यापेक्षा कमी धरू नका. पाच माणसं, आठ दिवस: २८० लिटर. एवढं पाणी वेगळं, झाकलेलं आणि तोटी असलेलं असावं. २०० लिटरची दोन पिंपं पुरतात. अंघोळ, धुणं, संडासाचं पाणी मोठ्या टाकीत राहू द्या.

ही विभागणी केली नाही तर पुढचं सगळं महाग आणि अवघड होतं. हजार लिटरच्या हौदातलं पाणी रोज औषध घालून पिण्याजोगं ठेवणं घरच्या माणसाला जमत नाही. २०० लिटरचं पिंप जमतं.

लागणारं सामान: टीसीएल पावडर, झाकणाची प्लास्टिकची डबी, गडद रंगाची एक लिटरची बाटली, सुई काढलेली ५ मिलीची आणि २० मिलीची सिरिंज, लांब दांड्याचा ब्रश, ओटी चाचणीची बाटली (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का, ते रंगावरून दाखवणारं औषध), दोन स्वच्छ बादल्या, तुरटी. टीसीएल आणि ओटी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे असते. मागायला संकोच करू नका.

सावधान: कपाशीच्या आणि केळीच्या शेतावरून आणलेले कीटकनाशकाचे ड्रम पाण्यासाठी कधीही वापरू नका. सात वेळा धुतले तरी नाही. प्लास्टिक औषध शोषून घेतं आणि महिनोन्‌महिने सोडत राहतं. बाजारात हे ड्रम स्वस्तात विकतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

टप्पा १: पाइप गटारातून जातो का, ते शोधा

हा टप्पा सगळ्यांत जास्त लोक गाळतात, म्हणून यावर जरा थांबतो.

मुख्य लाइनवर जिथे आपली जोडणी घेतलेली असते तिला फेरूल म्हणतात. फेरूलपासून घरातल्या तोटीपर्यंत पाइप कुठून कुठून गेला आहे, ते पायी चालत बघा. जुन्या गल्ल्यांमध्ये घर आणि रस्ता यांच्यामध्ये उघडं गटार असतं आणि पाइप त्या गटारातूनच ओलांडलेला असतो. लोखंडी जीआय पाइप गटाराच्या पाण्यात गंजतो. गंज गटाराच्या पाण्याखाली लागतो, वरून काही दिसत नाही.

पाणी सुरू असताना पाइपात दाब असतो. तेव्हा भोकातून पाणी बाहेर जातं. नळ गेला की लाइन रिकामी होते, पाइपात ओढ तयार होते आणि त्याच भोकातून गटाराचं पाणी आत येतं. पुढच्या वेळी नळ आला की तीच घाण सगळ्यांत आधी आपल्या हंड्यात पडते. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात ही अडचण फार कमी असते. आपल्याकडे पाइप आठवड्यातले साडेसहा दिवस रिकामा असतो, म्हणून आपल्याला जास्त जपावं लागतं.

घरच्या घरी तपासायची रीत:

१. नळ जायच्या वेळी तोटीला छोटी नळी लावा आणि तिचं टोक पाण्याने भरलेल्या मगात बुडवून ठेवा. नळ गेल्यावर मगातलं पाणी ओढलं जात असेल, तर लाइन ओढ घेते आहे. मग वाटेत कुठेही भोक असलं तर घाण येणारच.

२. नळ सुरू असताना गटाराच्या कडेने चाला. कोरड्या गटारात एका जागी स्वच्छ पाणी झिरपत असेल, बुडबुडे येत असतील, तर तिथेच गळती आहे.

३. पहिली बादली पांढऱ्या भांड्यात घ्या. काळे तंतू, साबणाचा फेस, कुबट वास, यापैकी काहीही दिसलं तर त्या दिवसाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

आमच्या घरी एका पावसाळ्यात दोघांना कावीळ झाली. आम्ही दहा दिवस टाकीवर, फिल्टरवर, बाहेर खाल्लेल्या पाणीपुरीवर संशय घेत राहिलो. शेवटी दारासमोरचं गटार उपसलं तेव्हा पाइपाला करंगळी जाईल एवढं भोक सापडलं. ते आमच्याच जोडणीला होतं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

दुरुस्ती करताना पाइप गटाराच्या वरून न्या. वरून नेणं शक्य नसेल तर गटार ओलांडणारा भाग एकसंध एमडीपीई किंवा एचडीपीई या प्लास्टिकच्या पाइपाचा ठेवा. त्या टप्प्यात एकही सांधा नको. बाहेरून एक मोठा पाइप आवरणासारखा घाला आणि त्याची दोन्ही टोकं गटाराच्या भिंतींपासून फूटभर बाहेर काढा. फेरूलच्या बाजूचं काम पालिकेला कळवून परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या. रबराची पट्टी किंवा सायकलची ट्यूब गुंडाळणं ही दुरुस्ती नाही. तिच्याखाली भोक मोठं होत राहतं.

तपासा: गल्लीत एकट्याने पाइप बदलून भागत नाही. शेजारच्या जोडणीतली घाण मुख्य लाइनमधून तुमच्याकडे येते. गल्लीतल्या सगळ्या जोडण्या एकाच रविवारी बघा. वीस घरांचं काम एका सकाळी उरकतं.

टप्पा २: नळ येतो त्या तासाभरात काय करायचं

“नळ उना”, म्हणजे नळ आला, अशी हाक आली की घाई होते आणि चुका याच वेळी होतात.

पहिली पाच-दहा मिनिटं येणारं पाणी पिण्याच्या पिंपात घेऊ नका. ते फेकूही नका. संडासाच्या पिंपात, फरशी पुसायच्या बादलीत घ्या. पाणी नितळ आल्यावर आधी पिण्याची पिंपं भरा, मग मोठी टाकी. बहुतेक घरांत उलट होतं. टाकी आधी भरते आणि पिण्याचं शेवटच्या धारेला उरतं, तोवर दाब गेलेला असतो.

दाब कमी म्हणून पुष्कळ घरांत तोटी जमिनीखाली खड्ड्यात घेतलेली असते. तो खड्डा या सगळ्यातली सर्वांत धोक्याची जागा आहे. नळ गेल्यावर खड्ड्यात साचलेलं पाणी तोटीतून उलटं लाइनमध्ये जातं, आणि मग ते सगळ्या गल्लीला मिळतं. खड्डा बुजवता येत नसेल तर एवढं तरी करा: तोटी खड्ड्याच्या तळापासून किमान फूटभर वर ठेवा, खड्ड्याला सिमेंटची उंच कड करा म्हणजे रस्त्याचं पाणी आत येणार नाही, नळ गेल्याबरोबर तोटी बंद करा आणि खड्डा कोरडा करा.

थेट नळाला मोटार लावू नका. मोटार पाणी ओढते तशी गटारातली घाणही ओढते. मगाच्या चाचणीत दिसलेली ओढ मोटारीने कितीतरी पटीने वाढते. शेवटच्या घराला पाणी मिळत नाही हे वेगळंच. वर चढवायला मोटार हवीच असेल तर आधी जमिनीलगतच्या टाकीत पाणी घ्या आणि त्या टाकीतून उचला.

सावधान: ओल्या खड्ड्यात मोटार हाताळताना शॉक लागून माणसं दगावतात. अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर मोटारीला हात लावायचा नाही. लहान मुलांना बटण दाबायला पाठवायचं नाही.

टप्पा ३: टाकी आणि पिंप धुणं

नळ यायच्या आधी, भांडं जवळजवळ रिकामं असताना हे काम करायचं. पिण्याचं पिंप दर वेळी, मोठी टाकी तीन महिन्यांतून एकदा आणि पावसाळ्यात नदीचं पहिलं गढूळ पाणी येऊन गेल्यावर एकदा.

१. उरलेलं पाणी काढा. ते झाडांना, संडासाला वापरा.

२. तळाचा गाळ पुसून काढा. तो घुसळून पाण्याबरोबर घालवू नका, कोपऱ्यात राहतो.

३. भिंती ब्रशने घासा. नुसतं पाणी फिरवून भागत नाही. पाण्याच्या रेषेच्या वरचा पट्टा जास्त घासायचा. डेंगीच्या डासाची अंडी तिथेच चिकटलेली असतात. टाकी कोरडी पडली तरी ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी आलं की फुटतात.

४. दहा लिटर पाण्यात २०० मिली मूळ द्रावण मिसळा (ते कसं करायचं, ते पुढच्या टप्प्यात). हे पाणी ब्रशने सगळ्या भिंतींना, झाकणाच्या आतल्या बाजूला लावा. अर्धा तास तसंच राहू द्या.

५. एक बादली स्वच्छ पाण्याने खंगाळून काढून टाका.

पुस्तकांत टाकी औषधाच्या पाण्याने काठोकाठ भरून चोवीस तास ठेवायला सांगतात. जिथे पाणी मुबलक तिथे ते ठीक. आठ दिवसांनी येणारं हजार लिटर पाणी नुसतं धुण्यात घालवा असं मी कुणाला सांगणार नाही. ब्रशने लावायच्या रीतीत पंधरा-वीस लिटरमध्ये काम होतं.

सावधान: बंद टाकीत उतरून टीसीएल लावू नका, गुदमरायला होतं. बाहेरूनच लांब दांड्याने लावा. उतरावंच लागलं तर झाकण तासभर उघडं ठेवून, बाहेर दुसरा माणूस उभा करूनच उतरा. टीसीएलमध्ये ॲसिड किंवा संडास धुवायचं औषध कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

टप्पा ४: टीसीएल किती आणि कसं

“चिमूटभर टाका” हे माप नाही. ताज्या पावडरीत ३० ते ३३ टक्के क्लोरीन असतं. पण खान्देशच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत, उघड्या पोत्यात ते झपाट्याने उडून जातं. पावडरीला ढेकळं धरली, उग्र वास गेला, की तिच्यात जोर उरला नाही असं समजा. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्याला वापरू नये. धाब्याच्या घरातली आतली अंधारी खोली पावडर ठेवायला उत्तम. स्वयंपाकघरात मात्र नको. मिठाच्या किंवा सोड्याच्या डब्याशेजारी तर मुळीच नको. डबीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा.

मूळ द्रावण असं करा:

१. पावडर साधारण २५ टक्के जोराची धरून ४० ग्रॅम मोजा. किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून आणा.

२. प्लास्टिकच्या मगात थोडं पाणी घालून तिची पेस्ट करा. धातूचं भांडं नको.

३. पाणी घालत एक लिटर करा, ढवळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो.

४. वरचं नितळ पाणी गडद बाटलीत ओता. हेच मूळ द्रावण. खालचा चुना पिण्याच्या पाण्यात टाकायचा नाही. हे द्रावण आठवडाभर वापरा, मग नवं करा.

मात्रा लक्षात ठेवायला सोपी आहे. २० लिटरच्या भांड्याला २ मिली, २०० लिटरच्या पिंपाला २० मिली, हजार लिटरला १०० मिली. यातून लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. टाकीची मापं फुटांत असतील तर लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, आणि त्याला २८.३ ने गुणा. चार बाय तीनच्या हौदात तीन फूट पाणी असेल तर ते सुमारे हजार लिटर. हौदाची नव्हे, पाण्याची उंची धरायची.

औषध घातल्यावर ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. हा अर्धा तास कुणीच पाळत नाही. क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. घातलं आणि लगेच तांब्या बुडवला तर घालून उपयोग नाही.

तपासा: अर्ध्या तासाने ओटी चाचणी करा. चाचणीच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाका. फिकट पिवळा रंग आला, पट्टीवर ०.२ ते ०.५ च्या दरम्यान, की पाणी पिण्यास तयार. रंगच आला नाही तर निम्मी मात्रा आणखी घालून पुन्हा अर्धा तास थांबा. गडद नारिंगी आला तर जास्त झालं. झाकण थोडं उघडं, वर कापड बांधून तीन-चार तास ठेवा आणि पुन्हा तपासा. चाचणीचं पाणी पिंपात परत ओतू नका. ओटी हे पोटात जायचं औषध नाही.

गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. मातीचे कण जंतूंना आडोसा देतात आणि औषध स्वतःच खाऊन टाकतात. जून-जुलैत तापीला पहिला पूर आला की गढूळ पाणी येतं. तेव्हा आधी तुरटी फिरवा, दोन-तीन तास गाळ बसू द्या, वरचं पाणी चौपदरी कापडातून दुसऱ्या पिंपात घ्या आणि मगच टीसीएल घाला.

बोअरचं पाणी पिणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. टीसीएल आणि उकळणं, दोन्हींनी जंतू मरतात. नायट्रेट, फ्लोराइड आणि क्षार जात नाहीत. उकळल्यावर पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध अशा पाण्यात कालवायचं असेल तर बोअरचा नमुना आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

टप्पा ५: पुढचे आठ दिवस

क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जातं. तोटीने पाणी घेतलं आणि झाकण घट्ट असलं तर पिंपातलं पाणी चांगलं राहतं. हात किंवा पेला बुडवला तर तेवढ्यानेच बिघडतं. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं वापरा आणि ते पिंपात नाही, खुंटीला अडकवा. दर दोन-तीन दिवसांनी ओटी बघा. रंग नसेल तर उरलेल्या पाण्याच्या हिशेबाने पुन्हा औषध घाला.

डेंगीचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आपल्या नळाची पाळीही साधारण तेवढीच आहे! पिंपाच्या तळाला थोडं पाणी ठेवून वरून नवं भरत गेलं तर डासाला हवा तेवढा वेळ आपणच देतो. म्हणून दर पाळीला पिंप पूर्ण रिकामं करून घासायचं. कूलर, माठाखालची थाळी, गुरांचं टाकं, गच्चीवरचे टायर हे सगळं आठवड्यातून एक दिवस कोरडं करा. रिकामा करता येत नाही अशा मोठ्या वापरायच्या हौदात गप्पी मासे सोडा.

टप्पा ६: संडासाची टाकी

गटारात घाण कुठून येते, तर बरीचशी आपल्याच सेप्टिक टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपातून. दाट वस्तीत शोषखड्ड्याला जागा नसते, म्हणून तो पाइप सरळ गटारात सोडलेला असतो. याच गटारातून नळाचा पाइप गेलेला. पहिल्या टप्प्याशी इथे गाठ पडते.

टाकी दोन ते तीन वर्षांनी उपसायची. भरून वाहू लागल्यावर उपसायची, हा गैरसमज आहे. तोवर मैला गटारात जातच असतो. लांब काठीला खाली पांढरं फडकं गुंडाळून टाकीत तळापर्यंत सोडा आणि बाहेर काढा. फडक्यावरचा काळा गाळ टाकीच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेला असेल तर मैला उपसणारी गाडी बोलवा. गाडीवाल्याला मैला कुठे ओतणार ते विचारा. नाल्यात ओतणार असेल तर दुसरी गाडी बघा.

सावधान: सेप्टिक टाकीत कुणालाही उतरवू नका. आतल्या वायूने माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरीही आपल्या संडासासाठी कुणाचा जीव पणाला लावायचा आपल्याला हक्क नाही.

टाकीच्या हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. दहा रुपयांचं काम आहे आणि डासांचा मोठा कारखाना बंद होतो. संडासात रोज ॲसिड-फिनेल ओतू नका, मैला कुजवणारे जंतू मरतात आणि टाकी लवकर भरते.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. कितीतरी घरांत चेंबरमधून दोन्ही वाटा उघड्या असतात. मग दोन्ही एकदम भरतात आणि योजनेचा अर्थच जातो. एक भरला की त्याची वाट विटेने बंद करून दुसरा सुरू करा. पहिला किमान दीड-दोन वर्षं तसाच राहू द्या, मगच उघडा. विहीर किंवा बोअर खड्ड्यापासून किमान १५ मीटर लांब हवी.

टप्पा ७: सांडपाणी आणि गटार

जागा असेल तिथे शोषखड्डा करावा, पण आधी जमीन तपासा. काळ्या मातीत खड्डा केला की पाणी मुरत नाही, महिनाभरात डबकं होतं. मुरूम लागेपर्यंत खणा. तळाशी फूटभर खोल छोटा खड्डा घ्या, आदल्या रात्री पाणी भरून जमीन भिजवा, सकाळी पुन्हा भरा आणि पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरली तर शोषखड्डा चालेल. नाही तर पैसे घालवू नका. परसात केळीची दोन खोडं आणि अळू लावून सांडपाणी तिकडे वळवा.

गटार साफ करताना उताराच्या खालच्या टोकापासून वर यायचं. वरून सुरुवात केली तर गाळ खाली जाऊन तुंबतो आणि पाणी घरात शिरतं. काढलेला गाळ कडेला ढीग करून ठेवू नका, पहिल्या पावसात तो परत गटारात जातो. निथळला की दुसऱ्या दिवशी उचलायचा. गाडी कधी येणार ते आधी ठरवा, मगच गटार काढायला घ्या.

गटाराच्या कडेने पांढरी टीसीएल पावडर ओढायची पद्धत सोडून द्या. गटारातल्या घाणीत ती मिनिटभरात संपते, जंतू तसेच राहतात. तीच पावडर गल्लीतल्या पिंपांना महिनाभर पुरली असती.

हे सगळं झाल्यावर पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, गल्लीतल्या शेवटच्या घराच्या नळाचं पाणी एच-टू-एस बाटलीत (मैल्यातले जंतू असतील तर पाणी काळं करणारी चाचणीची बाटली) तपासा. पाण्यात क्लोरीन असेल तर या बाटलीचा निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून आधी ओटी करून रंग येत नाही ना ते बघून घ्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावून घरातल्या उबदार जागी ठेवा आणि २४ ते ४८ तासांनी बघा. पाणी काळं पडलं तर त्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येक घराने पाणी उकळून प्यावं, पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी कळवावं, आणि पुन्हा पहिल्या टप्प्यापासून, फेरूलपासून, पाइप बघत यावं.